अकरा चिठ्ठ्यांचं अक्षर

भगवंत देवरे कशाकशाला भ्यायचा याची यादी करण्यापेक्षा तो कशाला भीत नसे ते सांगून मोकळं व्हावं. साप, अंधार आणि भुतं. साक्री तालुक्यातल्या त्याच्या गावात या तिन्ही गोष्टी मुबलक होत्या आणि लहानपणापासून त्यांच्याशी ओळख होती. बाकी सगळ्याला तो भ्यायचा. कारखान्याच्या भोंग्याला भ्यायचा, म्हणून भोंग्याआधी पाऊण तास मसाटला हजर. गेटवरच्या वॉचमनला भ्यायचा, म्हणून तो पाऊण तास गेटपासून वीस पावलं लांब, सायकल धरून उभा. सुटताना झडती व्हायची. खिशात धाग्याचं टोकसुद्धा नसताना हा रांगेत पाचवा नंबर असल्यापासून हात वर करून उभा राहायचा. मागचे लोक म्हणायचे, "अरे, खाली कर, पिस्तूल नाय लावलं कोणी."

सिल्वासात मी शाळेत मास्तर, आणि आमलीच्या चाळीत त्याच्या-आमच्या खोलीला भिंत एकच होती. त्यामुळे त्याची भीती मला पाठ आहे.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. करमाफीमुळे त्या दिवसांत आमच्याकडे कारखाने भुईछत्र्यांसारखे उगवत होते. भगवंतचा मसाटचा कारखाना कृत्रिम धाग्याचा. लांबच लांब मशीन, त्यावर शेकडो कोन, म्हणजे धाग्याची रिळं, गरागरा फिरतायत, धागा तापतोय, पिळला जातोय. कोन भरले की उतरवायचे, खोक्यात भरायचे, खोकी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशी मागाच्या गावांना जायची. या सगळ्या कारभारात भगवंतचं काम एकच. खोक्यावर चिकटवायची पट्टी लिहिणं. गावाचं नाव, लॉट नंबर, पाळी पहिली की दुसरी, तारीख.

आणि इथे मात्र हा माणूस वेगळाच असायचा. गावातल्या गुरुजींनी बोरूने गिरवून घेतलेलं त्याचं अक्षर म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट. 'इचलकरंजी' लिहिताना 'इ' असा वळवायचा की वाटावं, गाव पट्टीवरच वसलंय. 'पाळी'तल्या 'ळ'ला खाली एक बारीक शेपटी सोडायचा, मांजर झोपताना सोडतं तशी. कारखान्यात कोणी केव्हा जेवायचं, किती वेगाने चालायचं, सगळं ठरलेलं होतं. 'ळ'ची शेपटी केवढी, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. पगार घ्यायला सगळेच जात. भगवंत कामावर त्या शेपटीसाठीही जायचा, असा माझा संशय आहे.

बाकी राज्य कल्पेशभाईचं. कल्पेश म्हणजे खात्याचा सुपरवायझर. वय अठ्ठावीस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खात्यात चाळीस माणसं आणि लाकडी बिल्ला एक, कल्पेशच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला. तो हातात असल्याशिवाय संडासाकडे फिरकायचं नाही. बिल्ला मागायला गेलं की कल्पेश आधी घड्याळाकडे बघायचा, मग मागणाऱ्याकडे, आणि म्हणायचा, "अत्यारे?" म्हणजे, आत्ता? जसं काही या गोष्टीला मुहूर्त असतो. भगवंत बिल्ला मागायला इतका भ्यायचा, की सकाळी घरून निघाल्यावर पाणीच प्यायचा नाही.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. दुसरी गोष्ट तशी नव्हती. मशीन बंद करायचं लाल बटण. धागा गुंतला की लोक बटण दाबायचे, मशीन थांबायचं, उत्पादन कमी व्हायचं. म्हणून त्या उन्हाळ्यात बटणावर पत्र्याची पेटी बसली, पेटीला कुलूप आणि किल्ली कल्पेशच्या जुडग्यात. श्रावणात मधुकरचं बोट धाग्यात अडकलं. मधुकर भगवंतच्याच बाजूचा, पिंपळनेरचा. तो ओरडत होता, बाकीचे कल्पेशला शोधत होते आणि कल्पेश चहाला गेला होता. बोट वाचलं. पुढचं पेर वाचलं नाही.

भगवंत तेव्हा तीन वर्षं टेंपररी. दर सात-आठ महिन्यांनी पंधरा दिवसांचा 'ब्रेक', मग पुन्हा नवीन माणूस म्हणून भरती. ब्रेकनंतर बोलावतील की नाही याचा भरवसा नसल्याने त्याची सहा वर्षांची गुड्डी गावी आजीकडे होती. लेकीला इकडे आणून शाळेत घालायचं आणि तीन महिन्यांनी परत न्यायचं, असा खेळ कोण करणार? पण त्या घटस्थापनेला पर्सोनेलचे परुळेकरसाहेब त्याला म्हणाले होते, "देवरे, दिवाळीच्या आत तुमचं कायमचं पत्र." कुसुमने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच दिवशी गुड्डीसाठी खुंटी ठोकून घेतली. दप्तर अडकवायला. दप्तर नव्हतं, गुड्डी नव्हती, खुंटी मात्र होती. भिंत एकच, त्यामुळे तिचं टोक आमच्याकडे आलं.

नेमके तेव्हाच मॅनेजर झवेरीसाहेब मुंबईला पाच दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. शिबिराचा विषय होता, कारभारात कामगारांचा सहभाग. आल्यावर त्यांनी हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी हजेरीच्या घड्याळाशेजारी टांगली. परुळेकरांनी स्टुलावर उभं राहून भाषण केलं. जयवंत परुळेकर मूळ वेंगुर्ल्याकडचे, माणूस गोड. म्हणाले, "हा कारखाना तुमचा आहे. काय सुधारावं ते चिठ्ठीवर लिहा. नाव घालायची गरज नाही."

पॅकिंगमधल्या आक्काबाईंनी शेजारणीला विचारलं, "कारखाना आपला, मग गेटावर झडती कुणाची घेतेत गं? आपणच आपली?"

आक्काबाई पन्नाशीच्या. खात्यात भगवंत ज्यांना भीत नसे अशी ती एकच व्यक्ती. म्हणजे थोडंच भ्यायचा.

दोन आठवडे पेटी रिकामी. झवेरीसाहेबांना वाईट वाटलं. मग राग आला. त्यांनी फर्मान काढलं की येत्या शनिवारपर्यंत पेटीत प्रत्येक खात्याच्या चिठ्ठ्या पडल्याच पाहिजेत. कल्पेशने ते खात्यात येऊन आपल्या भाषेत सांगितलं, "शनिवार तक सबको अपनी मर्जी से लिखना है. नहीं लिखा तो देख लेना."

लिहायचं तर अक्षराची पंचाईत. रजेचे अर्ज कल्पेशकडेच जायचे, त्यामुळे प्रत्येकाचं अक्षर त्याला ठाऊक. अर्ध्यांना लिहिताच येत नव्हतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मधुकर खोक्यांच्या थप्पीमागे आला. "भगवंता, तुनं अक्षर चांगलं. एक चिठ्ठी लिखी दे ना भो. बटणनी. मनं नाव कोठेच घेऊ नको, तुले गुड्डीनी शप्पथ." भगवंतला नाही म्हणायची भीती वाटली. त्याने लिहून दिली. गुरुवारी आक्काबाई आल्या. बायकांच्या संडासाला कडी नव्हती. शपथ त्यांनीही घातली. मग एकजण बिल्ल्यासाठी आला. एकजण मशीनजवळच्या उकाड्यासाठी. शनिवारी सकाळपर्यंत अकराजण आले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आलोय. भगवंतने प्रत्येकाचं गुपित जिवापाड जपलं आणि चिठ्ठी होईल तितकी सुंदर लिहिली. दोन ठिकाणी खाली रेघही ओढली, पट्टी ठेवून.

दुपारी पेटीत अकरावी चिठ्ठी पडली. भगवंत सुटकेचा श्वास टाकून बाहेर आला. समोर ट्रक भरत होता. दोनशे खोकी. प्रत्येक खोक्यावर पट्टी. 'मालेगाव. पाळी दुसरी.' दोनशे 'ळ' आणि दोनशे शेपट्या.

तो तिथेच खाली बसला.

घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून कुसुमने हातातलं उलथनं ठेवलं. "काय व्हयनं? तोंड का बरं उतरनं?"

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे अकरा चिठ्ठ्यासवर तुम्हीन सही करी टाकी म्हना!"

रविवारचा दिवस भगवंतने डाव्या हाताने लिहिण्याची सवय करण्यात घालवला. कल्पना अशी, की सोमवारी पेटी उघडायच्या आत फटीतून चार-पाच वेगळ्या अक्षराच्या चिठ्ठ्या सरकवायच्या, म्हणजे सरमिसळ होईल. संध्याकाळी तो एक नमुना मला दाखवायला आला. अक्षर खरंच वाईट होतं. पण खाली 'ळ'ला शेपटी होतीच. "मास्तर, ती आपोआप येते हो," तो म्हणाला. त्याने तिथेच पुन्हा लिहून पाहिलं. पुन्हा शेपटी. मी हसणार होतो, पण हसलो नाही.

डाव्या हाताच्या चिठ्ठ्या खिशातच राहिल्या आणि सोमवारी पेटी उघडली. झवेरीसाहेब चिठ्ठ्या घेऊन आत गेले. कोणी काही बोललं नाही. मंगळवारीही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भगवंत पट्ट्या लिहायचा आणि दर पट्टीबरोबर त्याला वाटायचं, आपण आपल्याच विरुद्ध आणखी एक पुरावा तयार करतोय. तरी शेपटी येतच होती. मंगळवारी दुपारी कल्पेश त्याच्या मागे येऊन उभा राहिला. नुसता उभा. जुडगा वाजवत. भगवंतने त्या पाच मिनिटांत 'भिवंडी' तीनदा चुकवली.

एव्हाना अकराजणांच्याही लक्षात आलं होतं. ते एकेकटे येऊ लागले, पण आता डबा घेऊन. आक्काबाईंनी मेथीची भाजी आणली. मधुकरने कळण्याची भाकरी आणि ठेचा. कोणी शेंगदाण्याचा लाडू. "खा रे भगवंता, वाळला किती." कोणी तोंडाने काही मागत नव्हतं. भगवंत खाऊ शकत नव्हता आणि नाही म्हणायला भीत होता. म्हणून खात होता. मला म्हणाला, "मास्तर, जत्रेआधी बोकडाला असंच चारतात."

बुधवारी अकरा वाजता बोलावणं आलं.

टेबलावर अकरा चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या. शेजारी खोक्यावरून फाडून आणलेली एक पट्टी. पलीकडे काचेच्या पेपरवेटखाली एक टाइप केलेलं पत्र, वर 'भगवंत देवरे', खाली सहीची जागा कोरी. झवेरीसाहेब खुर्चीत, परुळेकर बाजूला, कल्पेश दारापाशी.

"बसो, भगवंतभाई." भगवंत खुर्चीच्या इतक्या कडेवर बसला, की खुर्चीला कळलंही नसेल.

"आ अक्षर कोनाचा?"

"माझं, साहेब."

"अकराच्या अकरा?"

"हो, साहेब."

"कोनी लिवायला सांगितला? बाहेरचा युनियनवाला आला होता?"

"नाही, साहेब."

परुळेकर पुढे वाकले. "अहो देवरे, घाबरू नका. नावं सांगा. कोणाला काही करणार नाही. फक्त माहिती म्हणून."

हे 'फक्त माहिती म्हणून' ऐकून भगवंत खुर्चीच्या आणखी कडेला सरकला. त्याची नजर पत्रावर होती. खुंटी डोळ्यांसमोर आली, खुंटीवरचं नसलेलं दप्तर आलं. पुढे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं, की मधुकरचं नाव ओठावर आलं होतं. पण नाव आलं तसा ठेचाही आठवला आणि ठेच्याबरोबर, डबा उघडताना दिसलेलं ते आखूड बोट. मग आक्काबाईंचं नाव घ्यावं म्हटलं, तर मेथी आठवली. अकराच्या अकरा नावं पोटात होती, वर येईनात.

"सगळ्या माझ्याच, साहेब."

झवेरीसाहेबांनी एक चिठ्ठी उचलली आणि चष्म्यातून वाचली. "'बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. एकीला बाहेर उभं राहून दार धरावं लागतं. आम्हाला लाज वाटते.' आ पन तुमची?"



"हो, साहेब."

"तुम्हाला लाज वाटते?"

"वाटते, साहेब," भगवंत म्हणाला. आणि ते खरं होतं.

झवेरीसाहेबांनी पेपरवेट उचललं, पत्र खणात टाकलं. "उद्यापासून ब्रेक. पंधरा दिवस. पछी जोऊ." म्हणजे, मग बघू.

दिवाळी त्याने गावी काढली. गुड्डीने विचारलं, "बाबा, मले लेवाले उनात?" म्हणजे, मला न्यायला आलात? त्याने तिला फुलबाज्या दिल्या. कुसुम म्हणाली, पंधरा दिवसांत तो रोज पहाटे उठून बसायचा आणि भोंगा ऐकायचा. साक्री तालुक्यात.

इकडे मात्र झवेरीसाहेबांचं फर्मान चालूच होतं. सहभाग दर पंधरवड्याला, मर्जीने आणि सक्तीचा. आक्काबाईंनी भगवंतच्या हातची एक पट्टी ओच्यात जपून ठेवली होती. ती त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मध्ये ठेवली. ज्यांना लिहिता येत होतं ते गिरवायला बसले. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्यांनी लिहिल्या. मधुकरने आखूड बोट सांभाळत एक पान भरून नुसत्या शेपट्या काढल्या. आक्काबाई, ज्यांनी आयुष्यभर सहीच्या जागी अंगठाच लावला होता, बाकीच्यांवर खेकसत होत्या, "ए, शेपटी डावीकडं रे! भगवंताचं मांजर डावीकडं झोपतं."

शनिवारी पेटीत सव्वीस चिठ्ठ्या पडल्या. सगळ्यांवर एकच वाक्य. 'मशीन बंद करायचं बटण कुलपातून सोडवा, वेळ निघून जाते.' सगळ्या एकाच अक्षरात.

भगवंत सोळाव्या दिवशी सकाळी सहाला मसाटला पोहोचला. गेटापासून वीस पावलांवर उभा राहिला. वॉचमनने हाक मारली, "ए देवरे! सीधा ऑफिस." भगवंतला वाटलं, आता हिशेब हातात देऊन घालवणार. आठ वाजेपर्यंत तो ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. आतून चपराशाने दोनदा चहा विचारला. दोन्ही वेळा नाही म्हणायच्या भीतीने त्याने चहा घेतला.

आत तेच टेबल. तीच तीन माणसं. फक्त चिठ्ठ्या आता टेबलावर मावत नव्हत्या. आणि पेपरवेटखाली ते पत्र पुन्हा आलं होतं, तसंच कोरं.

"आ तुमचा अक्षर?" झवेरीसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज मागच्यापेक्षा बारीक होता.

भगवंतने पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं, आपण झोपेत लिहिलं की काय! मग त्याचा डोळा स्थिर झाला. एका चिठ्ठीची शिरोरेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधेच लोंबत होती. एकीत 'ळ'ला शेपटी होती, पण ती मांजराची नव्हती, म्हशीची होती. 'कुलपातून'मधला तुटका उकार मधुकरचा, दर उकाराला बोट दुखल्यासारखा. चुकांवरून त्याला माणसं ओळखू यायला लागली. एक, दोन, पाच, नऊ.

नाही म्हणणं सोपं होतं. खरंही होतं. तो गावाला होता, हजेरीपुस्तक साक्षीला होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कोणाचं? आणि या खेपेला त्याला सव्वीसच्या सव्वीस उत्तरं माहीत होती.

"माझंच, साहेब."

"पन तुम्ही तर गावाला होता!"

"होतो, साहेब."

"मग?"

भगवंतने एक चिठ्ठी सरळ केली. "अक्षर माझंच आहे, साहेब. थोडं बिघडलंय."

परुळेकरांना एकाएकी खोकला आला. ते खिडकीकडे वळून बराच वेळ खोकत राहिले. झवेरीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. एका माणसाला घालवलं की प्रश्न मिटतो, असं त्यांना वाटलं होतं. घालवलेला माणूस पंधरा दिवसांत सव्वीस होऊन येतो, हे शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटतं, त्या सकाळी भीती पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. अर्थात इकडची जागा सोडून गेली नव्हती. भगवंत अजून खुर्चीच्या कडेलाच होता.

"चालो," झवेरीसाहेब उठले. "बटन दाखवा."

चौघे खात्यात आले. मशीन फिरत होतं. चाळीस माणसं काम करत होती, म्हणजे काम करत असल्यासारखी उभी होती. भगवंतने कुलूपबंद पेटीकडे बोट दाखवलं. बोट दाखवतानाही त्याने ते पूर्ण सरळ केलं नाही.

"कल्पेश, खोल."

कल्पेशने जुडगा काढला. पहिली किल्ली लागली नाही. दुसरी गोदामाची होती. तिसरी अर्धी शिरून अडकली. झवेरीसाहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मधुकर आपल्या मशीनपाशी उभा होता, हात मागे घेऊन. कुलूप उघडलं तेव्हा मोठा काटा चार मिनिटं पुढे सरकला होता.

झवेरीसाहेब मधुकरच्या हाताकडे बघत नव्हते. पण बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं.

"कुलूप काढून टाक," ते म्हणाले. "अने कडी पन बसवा, बायकांच्या तिकडे."

पत्रावर सही पुढे संक्रांतीला झाली. जूनमध्ये गुड्डी आली, खुंटीवर दप्तर आलं आणि ती रोज सकाळी खुंटी हलवून आमच्या भिंतीचा पोपडा पाडू लागली. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीही भगवंतला ठाऊक नव्हतं. साहेब जाता जाता थांबले आणि मागे वळून म्हणाले, "भगवंतभाई, अजून काई सूचना?"

सगळं खातं त्याच्या तोंडाकडे बघू लागलं. आक्काबाई तर खोक्यावर हात ठेवून पुढे झुकल्या होत्या, आता हा काय मागतो म्हणून. भगवंत पांढराफटक पडला होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा कल्पेशच्या टेबलामागच्या खिळ्याकडे.

"साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "सकाळपासून दोन चहा झालेत. बिल्ला मिळेल का?"